ओटीने न वाचलेली फाईल

आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचं एक वार्तापत्र निघतं, वर्षातून दोनदा. ओटी गेली तेव्हा त्यांनी मलाच फोन केला. "वाल्बुर्गाबाई, तुम्ही तिच्या जवळच्या मैत्रीण. चार ओळी लिहून द्या." दिल्या. ओटिली कोखेम्स, जन्म १९३०, अभिलेखागाराच्या दुरुस्ती विभागात सत्तावीस वर्षं सेवा, अत्यंत काटेकोर, हसतमुख, सर्वांना प्रिय. खाली माझं नाव आणि कंसात 'मैत्रीण'. छापून आलं ते वाचलं आणि मला माझीच चीड आली. हे जे आता लिहिते आहे ते वार्तापत्रासाठी नाही.

ओटीचं काम काय, तर गंज काढणं. बर्लिनच्या चॅन्सलर-कचेरीतले युद्धकाळातले जे कागद आगीतून, बाँबमधून आणि पुढे अमेरिकनांच्या खोक्यांतून वाचून इकडे कोब्लेंट्झला आमच्याकडे पोचले, त्यांत कागद कमी आणि क्लिपा जास्त, असं ती म्हणायची. तिथल्या कारकुनांनी लावलेली प्रत्येक क्लिप गंजून कागदात रुतून बसलेली. ओटी हाडाच्या पातळ पट्टीनं ती अलगद उचलायची, गंजाची पूड कुंचल्यानं झाडायची आणि पानं सुईदोऱ्यानं शिवून टाकायची. तिच्या खिडकीत लोणच्याच्या काकड्यांची एक रिकामी बरणी होती. काढलेल्या क्लिपा त्या बरणीत. "बघ," ती मला दाखवायची, "हजार वर्षं टिकणार होतं म्हणे ह्यांचं राज्य. काकड्यांच्या बरणीत मावलं."

दुरुस्ती विभागात वाचायला बंदी होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण म्हाताऱ्या बाईंडरनं पहिल्याच दिवशी प्रत्येकीला बजावलेलं असायचं: बोटांनी काम करायचं, डोळ्यांनी नाही, वाचत बसलात तर दिवसाला अर्धी फाईलही व्हायची नाही आणि वर जेवण जाणार नाही ते वेगळं. बाकीच्या बायका चोरून वाचायच्याच. कुठल्या मंत्र्यानं कुणासाठी फर्निचर मागितलं, कुणाच्या बायकोनं कुणाची तक्रार केली, ह्यावर जिन्यात खसखस पिकायची. ओटी तेवढी कोरडी. "मी पानं बघते गं, ओळी नाही बघत," म्हणायची. ह्या गोष्टीचा तिला गर्व होता आणि आम्ही तो तिला खुशाल करू दिला होता.

गंभीर बाई मात्र नव्हती. कार्निव्हलच्या गुरुवारी, आमच्याकडे बायकांचं राज्य असतं त्या दिवशी, कात्री घेऊन ती थेट संचालकांच्या खोलीत शिरायची आणि त्यांचा टाय कापायची. साहेबही हुशार, त्या दिवशी जुनापाना टाय घालून यायचे. एकदा तिनं टाय हातात धरला, उलटा करून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "साहेब, हा गेल्या वर्षी कापलेलाच आहे. गाठीखाली शिवून आणलात. आणि शिवण किती वाईट! माझ्याकडे पाठवायचात ना." साहेब कानापर्यंत लाल.

मी वाचनकक्षात. लोक फाईली वाचायला येतात त्या मोठ्या खोलीत, दाराजवळच्या टेबलाशी. आमच्या प्रत्येक फाईलच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला असतो. फाईल पाहणाऱ्यानं त्यावर नाव, तारीख आणि कशासाठी पाहिली ते लिहायचं. मंत्री असो नाहीतर विद्यार्थी. फाईल देणाऱ्यानं त्याच ओळीत शेवटी आपली आद्याक्षरं करायची. फाईल परत आली की पानं एकेक मोजून घ्यायची. आणि कोण काय वाचतं ते त्या खोलीच्या बाहेर काढायचं नाही. ते माझं काम होतं आणि मीही ते काटेकोर केलं. किती काटेकोर, ते पुढे येईलच.

साडेनऊला आम्ही दोघी जिन्याखालच्या बाकावर कॉफी घ्यायचो. सप्टेंबरात ती घरच्या अलुबुखारांचा केक आणायची, एरवी लोणी लावलेला पाव. तिच्या भावाची गोष्ट तिथेच कळली. एकदा नाही, शंभरदा.

तिचं माहेर लीझरोट, मोझेलच्या वळणावरचं द्राक्षमळ्यांचं गाव. बाप आधीच गेलेला. घरात आई आपोलोनिया फेरेस, गाव तिला प्लोनी म्हणायचं; थोरला क्लेमेन्स, एकोणीस वर्षांचा, लढाईवर; आणि ओटी, चौदाची. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात क्लेमेन्स रजेवर आला आणि रजा संपली तरी गेला नाही. वर मळ्यातल्या दगडी खोपटात अकरा दिवस लपून होता. बाराव्या दिवशी धरून नेला. तीन ऑक्टोबरला घरी कागद आला: मृत्युदंड.

तो कागद आला तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू होती. प्लोनीकडे एकच ओळ उरली होती आणि आभाळ भरून आलेलं. तिनं कागद अ‍ॅप्रनच्या खिशात घातला आणि दोन दिवस द्राक्षं तोडली. का, ते तिला स्वतःलाच पुढे सांगता यायचं नाही. हात थांबवले असते तर मी खाली पडले असते, एवढंच म्हणायची. पाच तारखेला ती कोखेम्स गुरुजींच्या दारात गेली. गुरुजी शाळेचे मास्तर, सत्ताधारी पक्षाचे गावातले प्रमुखही तेच. त्यांचा शब्द बर्लिनपर्यंत जातो असं लोक मानायचे. गुरुजींनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि आपल्या सुरेख अक्षरात चॅन्सलर-कचेरीच्या नावे दयेचा अर्ज लिहून दिला. तिनं सही केली. थोड्या वेळानं पाकीट तयार झालं तेव्हा ते घेऊन ओटी पोस्टात गेली.

उत्तर आलंच नाही. तेवीस ऑक्टोबरला क्लेमेन्सला गोळ्या घातल्या.

"अर्ज उशिरा पोचला," प्लोनी म्हणायची. "दोन दिवस मी खाल्ले. द्राक्षं घरात आणली आणि पोरगा घालवला." त्यानंतर ती मळ्यात तोडणीला कधी उभी राहिली नाही आणि वाईनचा थेंब तोंडाला लावला नाही. मोझेलकाठी वाईन न पिणारी बाई म्हणजे गावाला विचित्रच. पण दरवर्षी तोडणीची पहिली टोपली मात्र ती गुरुजींच्या घरी पाठवायची. त्या माणसानं आपल्यासाठी धोका पत्करला, असं तिचं म्हणणं. युद्ध संपलं, गुरुजींची चौकशी झाली, वर्षभर शाळेबाहेर बसले आणि परत आले. गाव पुन्हा टोपी काढून नमस्कार करायला लागलं. त्यांचा मुलगा बुर्खार्ड, तोही मास्तर झाला. त्यानं ओटीला मागणी घातली तेव्हा ओटी दुसऱ्या एकाकडे बघत होती. प्लोनी म्हणाली, "त्या घराचे आपल्यावर उपकार आहेत, पोरी." ओटी कोखेम्स झाली. वाईट संसार नव्हता तो. बुर्खार्ड नाकासमोर चालणारा, कोब्लेंट्झला शाळेचा हेडमास्तर झालेला, घरात आवाज चढवायचा नाही.

सहासष्टमध्ये आमच्याकडे चॅन्सलर-कचेरीच्या दयेच्या अर्जांच्या काही फाईली लावून झाल्या. यादीत 'फेरेस' हे नाव मीच पाहिलं आणि मीच ओटीला सांगितलं. तिच्या हातातला पाव तसाच राहिला.

"बुर्खार्डला पाठवते," ती म्हणाली. "त्याला नीट बोलता येतं मोठ्या लोकांशी."

"अगं, तूच अर्ज कर की. मी देते काढून."

"नको बाई. माझ्या हाताखालून जाणारी वस्तू मी मागायची? उद्या म्हणतील, ओटीसुद्धा वाचते." मग म्हणाली, "मला फक्त तारीख हवी आहे. कधी पोचलं ती. वेळेत पोचलं असेल तर आईला सांगेन. उशिरा पोचलं असेल तर नाही सांगणार. माझ्यापाशी ठेवीन."

मे महिन्यात बुर्खार्ड आला. कागदावर नाव लिहिलं, कारण लिहिलं 'खासगी', मी पुढे आद्याक्षरं केली: वा. थे. खिडकीशी बसून पाऊण तास तो एकाच फाईलवर वाकलेला. परत द्यायला आला तेव्हा चेहऱ्यावर रंग नव्हता. मी पानं मोजायला लागले. मोजताना दिसतं, वाचावं लागत नाही, असं आम्ही म्हणतो. मी वाचलं. सरळ सांगते.

प्लोनीचा अर्ज, त्यावर कचेरीचा आवक शिक्का: ९ ऑक्टोबर १९४४. तेवीसच्या चौदा दिवस आधी. आणि त्याच अर्जाला मागून, एकाच क्लिपेत, दुसरं पत्र. त्याच अक्षरात, त्याच शाईत, अर्जाच्याच तारखेचं. 'सोबतचा अर्ज आईच्या आग्रहाखातर लिहून दिला आहे, नाही म्हणणं गावात बरं दिसलं नसतं. माझं स्वतःचं मत असं की मुलगा शाळेपासूनच अडेल. त्याला दया दाखवल्यास गावातल्या इतर तरुणांवर अनिष्ट परिणाम होईल.' खाली सही, निकोलाउस कोखेम्स. त्या पत्राच्या कडेला कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं मारलेला शेरा: दप्तरी दाखल.

"वाल्बुर्गाबाई," बुर्खार्ड हळू म्हणाला, "ओटीला मीच सांगीन. योग्य वेळ बघून. तुम्ही ह्यात पडू नका."

"कोण काय वाचतं ते आम्ही बाहेर नेतच नाही, कोखेम्ससाहेब."

"बरोबर आहे." टोपी उचलता उचलता म्हणाला, "तुमच्या गेर्लिंडचं लॅटिन जरा कच्चं आहे. पण बघू आपण." माझी मुलगी त्याच्या शाळेत होती.

त्याच उन्हाळ्यात लीझरोटच्या नव्या शाळेला गुरुजींचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि समारंभात बुर्खार्डचं भाषण होतं. हे मला नंतर कळलं. पण कळलं नसतं तरी मी काही वेगळं केलं असतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला ओटी बाकावर माझी वाट बघत होती. "जळाली म्हणे," ती म्हणाली. "यादीत फक्त नाव राहिलंय. आत आमचे कागदच नाहीत, बर्लिनलाच जळाले असतील म्हणे. तूच दिलीस ना त्याला? रिकामीच होती ना?"

मी कपात साखर ढवळली. मी साखर घेत नाही. "असेल," म्हटलं. "कॉफी घे, गार होतेय."

एवढंच. एक शब्द आणि कॉफी. मला वाटलं बुर्खार्ड सांगेल. पुढच्या महिन्यात, नाताळात, ईस्टरला. मग वाटलं, आता सांगून काय, चाललेला संसार मोडेल. मग गेर्लिंड शाळा पास होऊन बाहेर पडली आणि घाबरायचं कारणही उरलं नाही. तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरूनच बसले. माणसाला एकदा गप्प बसायची सवय लागली की कारण लागत नाही.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत प्लोनी गेली. दफनानंतर गावातल्या खानावळीत कॉफी आणि केक होता. गुरुजींच्या आठवणी निघाल्या, बुर्खार्ड सगळ्यांच्या कपात वाकून कॉफी ओतत होता. ओटी माझ्या कानाशी आली. "शेवटच्या दिवशी मला काय विचारलं माहितीये? म्हणाली, वर गेल्यावर क्लेमेन्स भेटला तर काय सांगू त्याला? द्राक्षं पिकली होती, असं सांगू?" आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बुर्खार्डनं लांबून आमच्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. त्या एका क्षणी तरी बोलायला हवं होतं. टेबलावर उभं राहून ओरडायला हवं होतं.

दहा वर्षं गेली. एक्याऐंशीत त्या सगळ्या फाईलींच्या पानापानाचे फोटो घेऊन फिल्म काढायचं ठरलं. फिल्म काढायची तर आधी क्लिपा काढायला हव्यात. म्हणजे ओटी.

कार्निव्हल होऊन आठवडा झाला होता. अकराच्या सुमाराला वाचनकक्षाचं दार उघडलं आणि ओटी आत आली. ती तिकडे कधी यायची नाही. कामाचा अ‍ॅप्रन अंगावर, खिशात ती हाडाची पट्टी. माझ्या टेबलावर फाईल ठेवली. मी पुठ्ठ्यावरचा क्रमांक पाहिला आणि ओळखला.

"मी वाचलं नाही हं," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "क्लिप उचलली, दोन पानं सुटी झाली आणि अक्षर ओळखलं. ह्याच अक्षरावर गिरवून लिहायला शिकले मी. मग वाचलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा वाचलं."

"ओटी, बस जरा."

"पाकीट जाड होतं, बुर्गा. आईनं सही केली तो एक कागद होता, आणि पाकीट जाड. गुरुजी म्हणाले, दोन तिकिटं लाव. मला वाटलं, बघा आपल्या क्लेमेन्ससाठी गुरुजींनी किती लिहिलंय. पोस्टापर्यंत धावत गेले मी. पोस्ट बंद होईल म्हणून धावत." तिनं तळहात उघडून त्याच्याकडे बघितलं. "ह्याच हातानं टाकलं."

खिडकीपाशी एक विद्यार्थी बसला होता, त्यानं मान वर केली. ओटीनं पुठ्ठा उलटा केला. आतला कागद. त्यावर एकच ओळ होती, बुर्खार्डची. तिनं नावावर बोट ठेवलं नाही. ओळीच्या टोकाला ठेवलं.

"ही कुणाची?"

"माझी."

"परत आल्यावर मोजली असशील."

"हो."

"मग तारीख दिसली असेल."

"दिसली."

"दुसरं पत्र?"

"तेही." आणि मग मी, देवा, ते बोलले. "ओटी, नियम होता."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "नियम मलाही होता," ती म्हणाली. "म्हणून तर ही वाचायला नवऱ्याला पाठवला. बुर्खार्डचं मी समजू शकते. बाप होता त्याचा. खोटं बोलला, पण बापासाठी बोलला. तुझं कोण होतं ह्यात?"

गेर्लिंडच्या लॅटिनचं नाव काढायला जीभ उचलेना.

"आई त्यानंतर पावणेपाच वर्षं होती," ओटी म्हणाली. "पावणेपाच वर्षं, बुर्गा. रोज सकाळी तू माझ्या बाजूला बसून माझा केक खाल्लास. नुसतं म्हणाली असतीस, 'नऊ तारीख'. एवढंच. बाकी काही नको होतं. मी धावत गेले असते."

तिनं माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि त्या कागदावर दुसरी ओळ लिहिली. नाव: ओटिली फेरेस. कोखेम्स नाही लिहिलं. तारीख. कशासाठी: आईला सांगायचं आहे. मग कागद माझ्याकडे फिरवला.

"कर."

"ओटी—"

"फाईल देणाऱ्यानं आद्याक्षरं करायची ना? कर. नियम आहे."

मी केली. पहिल्या ओळीतल्याच्या बरोबर खाली, पुन्हा: वा. थे. तिनं ते पाहिलं, शाई वाळेपर्यंत थांबली, फाईल छातीशी धरून खाली गेली आणि संध्याकाळपर्यंत ती शिवून पूर्ण केली. सगळी पानं जागेवर होती. मी मोजली नाहीत, दुसऱ्या बाईनं मोजली.

घटस्फोट तिनं घेतला नाही. घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली आणि बुर्खार्डला अखेरपर्यंत परक्यासारखं 'कोखेम्ससाहेब' म्हणत राहिली. मलाही ती कॉरिडॉरमध्ये नमस्कार करायची, कधी चुकवला नाही. साडेनऊला मात्र कॉफी आपल्या कामाच्या टेबलावरच घ्यायला लागली. पुढच्या कार्निव्हलला साहेब जुना टाय घालून दिवसभर वाट बघत बसले.

एक्याऐंशीच्याच ऑक्टोबरात ती लीझरोटला गेली. तोडणीची पहिली टोपली तिनं स्वतः तोडली आणि कोखेम्सांच्या घरावरून तशीच पुढे आईच्या थडग्यापाशी नेली. तिथे उभी राहून मोठ्यानं बोलत होती, असं गावातल्या बाया सांगतात. काय बोलत होती ते त्यांना कळलं नाही, नुसती कसली तरी तारीख पुन्हा पुन्हा सांगत होती म्हणे. गेल्या वर्षी तिलाही तिथेच पुरलं, आईच्या शेजारी, दगडावर नाव फेरेस. मी गेले होते. मागे उभी होते. कुणीतरी मला विचारलं, तुम्ही कोण तिच्या, आणि मी म्हटलं, कामावर ओळख होती.